खोटं आणि म्हणणं

सर, काल चाची माझ्याशी बोलल्या. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच. डोळ्याचं ऑपरेशन झालंय त्यांचं, ते तपासायला तुमचा नातू त्यांना वाशीमला घेऊन आला होता. परत निघताना त्यांनीच त्याला म्हटलं म्हणे, "त्या पोरीच्या घराकडून घे." त्या पोरीचे केस आता पांढरे व्हायला लागलेत, पण चाचींसाठी मी अजून पोरगीच असावी. दार उघडलं तर समोर चाची, डोळ्यांवर दवाखान्यातला काळा चष्मा, हातात सीताफळांची पिशवी. मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि तीच पुन्हा त्यांच्या हातात दिली. त्या म्हणाल्या, "ठेव ना घरात. तुयासाठीच आणली." मी पिशवी आत ओट्यावर नेऊन ठेवली.

त्या काय बोलल्या ते तुम्हाला सांगायचं आहे. पण ते अगदी सुरुवातीपासून सांगत यावं लागेल. तुम्हीच म्हणायचा, की गोष्टीतलं शेवटचं वाक्य कोणी आधी सांगितलं तर ते नुसतं वाक्य राहतं.

कामरगावच्या शाळेत नववीला तुम्ही आम्हाला मराठीला होता. मुसलमान माणूस मराठी शिकवतो याचं गावात नव्याने आलेल्यांना नवल वाटे, जुन्यांना काहीच वाटत नसे. तुमच्या घरी हिंदी-वऱ्हाडीची सरमिसळ, बाजारात वऱ्हाडी आणि फळ्यासमोर पुस्तकातली मराठी. पण काही जिवाभावाचं समजावायचं झालं की तुमची पुस्तकातली मराठी गळून पडायची आणि तुम्ही आमच्यासारखं बोलायला लागायचा. दुसऱ्या तुकडीला अलंकारांच्या व्याख्या पाठ करायला लावत. तुम्ही गोष्ट वाचायचा. वाचता वाचता एखाद्या ओळीवर बोट ठेवून थांबायचा आणि विचारायचा, "हे सांगणं आहे, का म्हणणं?" सांगणं म्हणजे जे आहे ते साधं. म्हणणं म्हणजे बोलायचं एक आणि मनात दुसरं. उपमा, रूपक, व्याजोक्ती, प्रतीक ही नावं तुम्ही नंतर फळ्यावर लिहायचा, पाहुण्यांची ओळख करून द्यावी तशी. आधी आम्हाला ते ओळीत दिसलं पाहिजे, असा तुमचा हट्ट होता.

मला दिसायचं नाही. एक गोष्ट तुम्ही वाचली होती, बाप लेकीला पहिल्यांदा दूर शिकायला पाठवतो ती. एसटी लागलेली आहे, लेक खिडकीत बसली आहे, आणि बाप खाली उभा राहून पुन्हा पुन्हा कंडक्टरला म्हणतो की मागच्या टायरात हवा कमी दिसते. तुम्ही थांबलात. तुम्ही माझ्याकडे बोट केलं. "सांग बेटा, हा माणूस कायच्याबद्दल बोलून राह्यला?" मी उभी राहिले आणि म्हणाले, "टायराबद्दल." वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. पुन्हा विचारलंत, "नुसतं टायराबद्दल?" मी म्हणाले, "हवा कमी असंल तर सांगाच लागते, सर." तेव्हा मात्र वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. माझे बाबा विजेच्या खात्यात वायरमन होते. तार सैल आहे असं ते म्हणाले तर तार सैल असायची. मी चुकले कुठे, हे मला खरोखर कळलं नव्हतं.

त्यामागे आणखी एक होतं, ते तुम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी शाळेत जायच्याही आधी आई आजारी पडली. तिला वाशीमच्या दवाखान्यात नेलं आणि ती परत आली नाही. मी विचारलं की बाबा म्हणायचे, "आई वाशीमले गेली." एवढंच. आत्या, शेजारपाजारचे, सगळे तेच म्हणायचे. मग मी रोज दुपारी एसटी स्टँडवर जाऊन उभी राहायची. गाडी आली की उतरणाऱ्या बायकांची तोंडं पाहायची. हिरव्या लुगड्याची बाई दिसली की पुढे पळायची. कितीतरी महिने मी हे करत होते, आणि मला कोणी अडवलं नाही. पुढे एकदा नळावर एका मोठ्या मुलीशी भांडण झालं आणि ती हंडा कमरेवर घेत म्हणाली, "कायची वाट पाहून राह्यली व? तुयी माय तं मेली." आख्ख्या गावात साधं बोलणारी ती एकटी निघाली. त्या दिवसापासून, आत एक आणि बाहेर एक असं वाक्य आलं की माझं डोकं बंद व्हायचं. टायर म्हणजे टायर.

मग दिवाळीनंतर तुम्ही ती दुसरी गोष्ट वाचलीत. तिच्यात एक म्हातारी होती आणि शेवटाला लेखकाने लिहिलं होतं, की त्या पहाटे ती आपल्या माहेरच्या वाटेला लागली. तुम्ही विचारलंत, माहेरची वाट म्हणजे काय? मुली भराभर हात वर करत होत्या. मी हात वर न करताच उभी राहिले. "सर, हे खोटं आहे. ती मेली. लेखक खोटं बोलते." तुम्ही म्हणालात, "खाली बस." मी बसले नाही. "मेली तं मेली म्हनावं. लेकरं वाट पाहत बसतात." तुमचा आवाज चढला. "आधी ऐकून घ्यायची सवय लाव! अडून बसली की पुस्तक कधीच कळत नाही. बस खाली." मी बसले. तुम्ही पुढे वाचायला लागलात, पण दोन ओळींतच तुमचा आवाज उतरला. माझं शेवटचं वाक्य तुम्हाला तेव्हा ऐकू आलं असावं.

शाळा सुटल्यावर तुम्ही मला घरी घेऊन गेलात. मला वाटलं, आता आणखी बोलणी बसणार. तुमचं स्वयंपाकघर अजून डोळ्यांपुढे आहे. निळा रंग दिलेल्या भिंती, खिडकीत पुदिन्याचा डबा, आणि पाटावर बसून कणीक मळत असलेल्या चाची. तुम्ही आत पाऊल टाकलं आणि मान वर न करता त्या म्हणाल्या, "शाळेतले खडू संपले नाई वाटते अजून." तुम्ही मला हळूच विचारलंत, "ही कायच्याबद्दल बोलली?" मी चाचींकडे पाहिलं, ओट्यावर झाकून ठेवलेल्या ताटाकडे पाहिलं. म्हणाले, "तुमी जेवाले आले नाई, त्याच्याबद्दल." चाचींनी मान वर केली आणि पिठाचे हात तसेच धरून इतक्या हसल्या, की मलाही हसू आलं. तुम्ही म्हणालात, "पाय. तुले येते. पुस्तकातच येत नाही फक्त."

चहा पिताना मी तुम्हाला आईचं आणि स्टँडचं सगळं सांगितलं. त्यावर तुम्ही मला जे सांगितलंत ते मी आजपर्यंत प्रत्येक वर्गाला सांगत आले. तुम्ही म्हणालात, "खोटं अन् म्हणणं, दोन्हीत बोलायचं एक अन् असायचं दुसरं. पण खोटं बोलणाऱ्याले वाटते का समोरच्याले कळू नये. म्हणणाऱ्याले वाटते, कळावं. त्या म्हातारीची गोष्ट लिहिणाऱ्याले काय वाटत होतं?" मी म्हटलं, "कळावं." मग मी विचारलं, "अन् माह्या बाबांले?" तुम्ही कप खाली ठेवलात. चाचींचे हात थांबले. मग तुम्ही म्हणालात, "ते मी नाही सांगू शकत बेटा. त्यांलेच विचार."

विचारलं. त्याच संध्याकाळी. बाबा ओसरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत होते. मी म्हणाले, "बाबा, आई वाशीमले गेली असं काहून सांगत होते मले?" त्यांनी नाडी तशीच धरून ठेवली. इतक्या वर्षांत आम्ही दोघं आईविषयी एक वाक्य बोललो नव्हतो. ते म्हणाले, "तुले फसवाचं नव्हतं व. माह्याच तोंडातून ते निघत नव्हतं. जे निघालं ते म्हनलं. अन् मंग तू स्टँडवर जाले लागली. तुले पायलं का मले वाटे, आता सांगाव, आता सांगाव." मग ते रडले. वायरमनच्या खाकी कपड्यात, एका पायात बूट. मी त्यांच्या दुसऱ्या बुटाची नाडी सोडली आणि आत जाऊन चूल पेटवली. आम्ही त्यानंतर कितीतरी वेळा आईविषयी बोललो. ते दार तुम्ही उघडून दिलंत, हे त्यांनीही शेवटपर्यंत मानलं.

बारावीनंतर मी मराठी घेऊन शिकायला अमरावतीला निघाले, तेव्हा तुम्ही जुन्या दिवाळी अंकांचा सुतळीने बांधलेला गठ्ठा दिलात. "मी कुठंच खुणा केल्या नाहीत," म्हणालात. "तुले दिसंल तिथं तू कर." पुढे नोकरी नेमकी वाशीमला लागली, कनिष्ठ महाविद्यालयात. पहिल्या दिवशी स्टँडवर उतरले तेव्हा नोकरी, कागद, कपडे सगळं विसरून मी आधी आजूबाजूच्या बायकांची तोंडं पाहिली. हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "जेवण कुठं करतेस?"

मग तुमचं दुखणं. निवृत्तीनंतर पोटाची तक्रार सुरू झाली, अकोला झालं, नागपूर झालं, आणि डॉक्टरांनी तुमच्या मुलांना बाजूला घेऊन सांगितलं की आता घरी न्या, त्यांना जे आवडतं ते खाऊ द्या. तुम्हाला सांगण्यात आलं की आतड्याला सूज आहे, उतरेल. तुमच्या मुलाने फोनवर खरं ते सांगितलं, तशी मी रविवारी एसटीने आले. चाची अंगणातच भेटल्या, माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "त्यांले काई सांगू नको हं. ते बरे होऊन राह्यले, असंच सगळे म्हणतात. तू बी तेच म्हनजो." मी हो म्हटलं. मनापासूनच म्हटलं होतं.

तुम्ही खाटेवर उशीला टेकून बसला होता. अंगावरचा सदरा दुसऱ्या कोणाचा वाटावा इतका सैल. शेजारचे एक गृहस्थ समोर बसून सांगत होते की चेहऱ्यावर तेज आलंय. ते उठून गेले. तुम्ही मला दार लोटून घ्यायला सांगितलंत. म्हणालात, "सगळे माझ्यासंगं गोष्टीतल्या माणसांवानी बोलून राह्यले. मी जिंदगीभर पोरांले तेच ओळखाले शिकवलं, अन् हे लोक मलेच वाचून दाखवतात. तू साधं बोलणारी पोरगी होतीस. नागपूरचा डॉक्टर काय बोलला?" मी म्हटलं, "सर, सूज—" तुम्ही नुसता हात वर केलात. वर्गात करायचा तसा. मी थांबले. बाहेर चाची कोणाला तरी पाणी देत होत्या, भांड्याचा आवाज येत होता. मी म्हणाले, "आता औषध नाही, असं म्हणाले सर. घरी न्या म्हणाले." तुम्ही विचारलंत, "दिवस?" मी म्हटलं, "थोडे." तुम्ही "हं" केलंत. मग म्हणालात, "बरं वाटलं. कोणी तरी सांगितलं." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलात. तो हात किती हलका झाला होता.

मग कोनाड्यातला एक अंक काढायला लावलात. एखादी गोष्ट वाच म्हणालात. मी वाचायला लागले. एका ठिकाणी लेखकाने सुंदर उपमा दिली होती. सवयीने मी थांबले आणि वर पाहिलं. तुम्ही डोळे मिटून होता. म्हणालात, "थांबू नको. आज नुसतं वाच." मी वाचत राहिले. तेवढ्यात चाची वाटीत पेज घेऊन आल्या. त्यांनी तुमच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वाटी स्टुलावर ठेवली. मला म्हणाल्या, "तू निघ आता. तुयी गाडी निघून जाईल." गाडीला अजून पुष्कळ वेळ होता. त्या गाडीबद्दल बोलत नव्हत्या, हे ओळखायला मला कोणाची मदत लागली नाही.

तुम्ही गेलात त्या दिवशी मी आले. बायकांच्या गर्दीत चाचींजवळ बसायला गेले, तर त्यांनी तोंड फिरवलं. त्यानंतर दर ईदला मी यायची. सून शीरखुर्म्याची वाटी पुढे करायची, चाची आतल्या खोलीत असायच्या, पडद्यामागे त्यांची सावली दिसायची. मी स्वतःला सांगायची, की तुम्ही विचारलं होतं, मी खरं सांगितलं, तुम्हाला बरं वाटलं. यात चुकीचं काय? पण त्या पडद्याकडे पाहिलं की हे सगळं फळ्यावर लिहिलेल्या व्याख्येसारखं कोरडं वाटायचं.

काल त्या माझ्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या. नातू बाहेर ऑटोवाल्याशी बोलत उभा होता. मी चहा ठेवला. त्या माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या. "तुले वाटत असंल, मी लपवलं अन् तू सांगितलं, म्हणून मले राग आला."

"हो, चाची."

"त्यांले माहीत होतं व. नागपूरहून येतानी गाडीतच त्यांले समजलं होतं. अन् त्यांले समजलं, हे मले समजलं होतं. नवरा होता माहा, मले नाई समजणार? ते मले रोज सकाळी इचारत, 'मी बरा होईन ना?' मी म्हणे, 'काहून नाई होणार, पेरणीच्या वक्ताले वावरात जासाल.' मंग ते हसत. मी बी हसो. आमच्या घरी न वावर न पेरणी. मास्तर माणूस तो. पण रोज इचारत अन् रोज मी सांगो." चाचींनी चष्मा काढला, पदराने डोळा टिपायला गेल्या आणि ऑपरेशनचा डोळा आठवून हात मागे घेतला. "तू आली त्या दिवसापासून त्यांनी मले ते इचारलं नाई. एकदा बी नाई. सकाळ झाली का मी वाट पाहो. चहा घेऊन उभी राहो. ते फकत 'ठेव' म्हणत."

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला आणि तशीच पाठमोरी उभी राहिले. मी विचारलं, "मग सरांनी मला विचारलं कशाला, चाची? माहीत होतं तर?"

"एकदा कोणाच्या तोंडून साधं ऐकाचं असंल त्यांले. माह्यानं झालं नसतं, हे बी त्यांले माहीत होतं. मले मारून टाकलं असतं तरी मी नसती बोलली." मग चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवत म्हणाल्या, "तुयावर राग कायचा धरू मी. तुले त्यांनीच तसं शिकवलं. पण मले तेवढंच पाहिजे होतं व. ते सकाळचं इचारणं."

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही. उरलेला चहा त्यांनी बशीत ओतून घेतला, माझ्या मुलीचं काय चाललंय ते विचारलं, भिंतीवरचा बाबांचा फोटो जवळ जाऊन पाहिला. निघताना माझा दंड धरून म्हणाल्या, "येत जाय." नातवाने त्यांना ऑटोत बसवलं. मी रस्त्यावर उभी राहिले, ऑटो वळून जाईपर्यंत.

आज अकरावीच्या वर्गावर मी कथेतली भाषा शिकवत होते. एका मुलीने विचारलं, "मॅडम, पण ओळखाचं कसं? आपण ज्याले म्हणणं समजलो ते खोटंच असंल तं?" मी तुमचं वाक्य सांगायला तोंड उघडलं. समोरच्याला कळावं की कळू नये, एवढंच पाहायचं. इतकी वर्षं ते मला पुरलं होतं. आज मी ते अर्ध्यावर सोडलं. कारण सकाळी चहाचा कप घेऊन उभी असलेली बाई माझ्या डोळ्यांपुढे होती. पेरणीच्या वेळी वावरात जाल, असं ती म्हणते. तिला काय हवं होतं? कळावं असंही नव्हतं, कळू नये असंही नव्हतं. दोघांनाही सगळं कळलेलं होतं आणि दोघं त्या वाक्यात मिळून राहत होते, आपल्याच घरात राहावं तसे. मी दार उघडून आत गेले आणि म्हणाले, हे घर नाही. तुम्ही मला विचारलंत, म्हणून मी म्हणाले. आजही तुम्ही विचारलंत तर मी बहुधा तेच सांगेन, आणि आज मला त्याची किंमतही माहीत आहे. मुलीला मी म्हटलं, "कधी कधी ओळखता येत नाही गं. पुन्हा वाचावं लागतं." तिने ते वहीत उतरवून घेतलं. तिने ते लिहून घेतलेलं मला नको होतं.

सर, तुम्ही सकाळी चाचींना विचारायचं का थांबवलंत? ते खोटं वाटायला लागलं म्हणून? की त्यांच्यावरचं ओझं कमी करावं म्हणून? तुम्ही त्यांच्यासाठी थांबलात आणि त्यांना वाटलं तुम्ही त्यांना सोडून दिलं, असं तर झालं नाही? हे मी चाचींना विचारू शकत नाही. मी कितीही वाचलं तरी त्या ओळीखाली काय आहे ते मला दिसत नाही, आणि ज्यांनी दाखवलं असतं ते तुम्ही आहात.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, हे मला लिहायला बसतानाच माहीत होतं. एक मात्र सांगून टाकते. कामरगावला येताना कब्रस्तानाची भिंत एसटीच्या डाव्या हाताला लागते. मी दर वेळी उजवीकडची खिडकी धरते. तुमची कबर त्यात कोणती, हे मी आजपर्यंत कोणालाच विचारलेलं नाही.